मनी बरी आहे... पण आत्याचं काय?

मंगळवार. सकाळचे साडेनऊ. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये माझी कॅब अडकलेली, दहाला क्लायंट कॉल, आणि मोबाइलवर आत्याचा व्हिडिओ कॉल! आत्या अशा वेळी कधीच फोन करत नाही. तिच्या मते नऊ ते सहा आम्ही सगळे 'कंपनीत' असतो आणि कंपनीत फोन घेतला की पगार कापतात. म्हणजे काहीतरी सीरियस होतं. घेतला.

स्क्रीनवर आत्या नव्हतीच. ओट्याखालची फरशी होती, आणि फरशीवर मनी. मान एका बाजूला कललेली, डोळे लंबकासारखे इकडून तिकडे हलतायत, उठायला जातेय आणि त्याच कुशीवर पडतेय. मागून आत्याचा आवाज आला, "हिला लकवा मारलाय गं. रात्री तर चांगली होती."

माझी आत्या कोल्हारला राहते. नगरमार्गे शिर्डीला गेला असाल तर तुम्ही तिच्या गावातून गेलाच आहात. राहुरी सोडलं की थोड्या वेळाने प्रवरेवरचा पूल लागतो, तेच कोल्हार. भगवतीमातेचं गाव. चहूकडे ऊस, घरटी दोन-चार संकरित गाई, आणि पलीकडे लोणी, जिथे विठ्ठलराव विखे पाटलांचा सहकारी साखर कारखाना १९५० मध्ये उभा राहिला. आत्याकडे चार गाई, मामा (आत्याचे यजमान, आमच्याकडे मामाच म्हणतात), आणि मनी. वय वर्षं अकरा. पोरं पांगली तशी ही घरात मोठी झाली. आत्याचा मुलगा पिंपरीत, मुलगी सुरतला. मनी मात्र रोज संध्याकाळी चुलीपाशी हजर!

तर त्या सकाळी गावाने सल्ले दिलेच. कुणी म्हणालं पारव्याचं रक्त चोळा, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी झालंय. एकाने फारच प्रॅक्टिकल सल्ला दिला, "पोत्यात घाला आणि नदीपलीकडं सोडा." आत्याने त्याला चहासुद्धा विचारला नाही.

गावचे जनावरांचे डॉक्टर आले. हा माणूस मला जाम आवडला. नगर जिल्हा म्हणजे दुधाचा जिल्हा, त्यामुळे यांचा दिवस गाईच्या कासदाहात आणि रेतनात जातो. १९६२ या नंबरवर फोन केला की सरकारी फिरती गाडी येते, तीही मुख्यतः गाईगुरांसाठी. मनीकडे त्यांनी नीट पाहिलं आणि स्पष्ट सांगितलं, "मावशी, मी गाई बघतो. हिचं बीपी बघायला लागेल, रक्त बघायला लागेल, ते माझ्याकडं नाही. पुण्याला न्या. आणि डोकेदुखीची माणसाची गोळी चुकूनसुद्धा देऊ नका." ही शेवटची सूचना फ्रिजवर चिकटवून ठेवा, दोस्तहो. आपण चॉकलेटसारखं खातो ते पॅरासिटामॉल मांजरासाठी विष आहे. एकाच गोळीत जीव जाऊ शकतो.

दुपारी मनी टोमॅटोच्या क्यारेटमध्ये, जुन्या गोधडीवर, भाच्याच्या गाडीतून निघाली. पावणेदोनशे किलोमीटर. नगरपर्यंत आत्याने तिच्या डोक्यावरचा हात काढला नाही, असं भाचा म्हणाला. (नगर कागदोपत्री आता अहिल्यानगर झालंय, आत्याच्या तोंडी अजून नगरच आहे.)

पुण्यातल्या डॉक्टरांनी शेपटीला छोटासा पट्टा गुंडाळून मनीचं बीपी घेतलं. वर! रक्त तपासलं, किडनी कमजोर. मग त्यांनी शांतपणे समजावलं. मांजरालाही स्ट्रोक येतो, माणसासारखाच. मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा गुठळीने तुटतो, नाहीतर रक्तवाहिनी फुटते. माणसांच्या मानाने मांजरांत हे कमी दिसतं, आणि दिसलं की मागे बहुतेक वेळा दुसरं काहीतरी लपलेलं असतं. किडनी, थायरॉइड, हृदय, बीपी. शंभर टक्के खात्री हवी तर एमआरआय. पण त्यासाठी भूल द्यायची, अकरा वर्षांच्या, किडनी थकलेल्या मांजराला. आणि रिपोर्ट काहीही आला तरी पुढे करायचं जवळपास तेच. बीपी आणायचं खाली, किडनीला जपायचं, आणि नर्सिंग, नर्सिंग, नर्सिंग. आत्याने हातानेच 'नको' केलं.

इथे दोन गोष्टी सांगून टाकते, कारण मांजरवाल्या वाचकांना त्या लागतील. मान कलणं, गोल गोल फिरणं, तोल जाणं हे दरवेळी स्ट्रोकच असतं असं नाही. कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा एक आजार अगदी असाच दिसतो आणि पुष्कळदा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो. आणि मागचे दोन्ही पाय एकाएकी लुळे पडले, हाताला गार लागले, मांजर वेदनेने ओरडायला लागलं, तर तो मेंदूचा स्ट्रोक नसतो. हृदयात तयार झालेली गुठळी पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीत अडकलेली असण्याची शक्यता मोठी. तेल लावून चोळत बसायचं नाही. तडक डॉक्टर, मध्यरात्र असली तरी.

मनीला मिळालेली बीपीची गोळी पाहून मामा खूश झाले. अँलोडिपिन! मामा गेली सहा वर्षं तीच घेतात. मनीला त्याचा बारकासा तुकडा, डॉक्टरांनी वजन बघून ठरवलेला. "आता घरात दोन पेशंट एकाच गोळीवर," मामांनी फॅमिली ग्रुपवर टाकलं. खाली सत्तावीस हसरे चेहरे.

माझाही एक होता त्यात.

मग सुरू झालं ते खरं काम. दर चार तासांनी मनीची कूस बदलायची, नाहीतर अंगाला जखमा होतात. भरवताना तिला पोटावर, मान वर धरून बसवायचं; आडवं झोपवून भरवलं तर घास फुप्फुसात जाऊ शकतो. आणि भरवणं टाळता येत नाही, कारण मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साठते आणि तेच जिवावर बेततं. लघवी अडली की पोट हलकं दाबून काढायची, हे डॉक्टरांनी आत्याचा हात हातात धरून शिकवलं होतं. लुळ्या पडलेल्या पायांचा सांधा न् सांधा हळूहळू हलवायचा, दिवसातून तीनदा. अंग पुसायचं. गोळ्या. रात्री दोनला उठायचं, परत सहाला, तेव्हा तर गाईंची धार.

खाण्याचा एक वेगळाच प्रॉब्लेम झाला. आत्याच्या गळ्यात तुळशीची माळ. घरात अंडंसुद्धा येत नाही. मनी आजवर दूध-भाकरी आणि स्वतः मारलेले उंदीर यांवर जगली होती, त्यातलं उंदरांचं खातं कुणी बघत नसे! आता मात्र डॉक्टरांनी किडनीच्या मांजरांसाठीचं तयार खाणं लिहून दिलं. पाऊच. मांसाचं. पहिला पाऊच आत्याने पदर नाकाला लावून फोडला. फोनवर मला म्हणाली, "पांडुरंगाला सांगितलंय मी. पेशंट आहे म्हणलं. औषध समज."

मी काय करत होते? मी रोज विचारत होते. सकाळी 'मनी कशी आहे?' रात्री 'मनीने खाल्लं का?' सोबत एक हार्ट. आत्या फोटो पाठवायची. मनी बसली. मनीने मान उचलली. बाराव्या दिवशी मनी चार पावलं चालली, वाकडी, भिंतीला टेकत. मी तो व्हिडिओ ऑफिसच्या ग्रुपवर टाकला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझी टीम लीडसुद्धा मनीची फॅन झाली. मी स्वतःला एकदम केअरिंग भाची वगैरे समजत होते.

तिसऱ्या आठवड्यात लाँग वीकेंड आला आणि मी कोल्हारला गेले. दार उघडंच. स्वयंपाकघरात दूध उतू जाऊन गॅस विझलेला, नुसता वास. आत्या भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपलेली, एक हात क्यारेटमध्ये मनीच्या पाठीवर. मी गॅसचं बटण बंद केलं तरी तिला जाग आली नाही. ही माझी ती आत्या, जी अंगणात चप्पल वाजली तरी 'कोण?' म्हणते!

हळूहळू कळत गेलं. ऊसतोडीचे दिवस, शेतीची वीज रात्रीची, त्यामुळे मामा अर्ध्या रात्री बारे धरायला शेतात. बिबट्याच्या भीतीने आत्या एकटी दार लावून आत. तीन आठवड्यांत ती सलग चार तास झोपली नव्हती. देवीच्या दर्शनाला गेली नव्हती, हे कोल्हारात राहून! चुलत नणंदेच्या मुलाचं लग्न बुडवलं होतं आणि कारण सांगितलं होतं, 'माझी कंबर धरलीय.' खरं कारण सांगितलं असतं तर मांडवभर हसू झालं असतं.

त्या रात्री जेवताना ती सासूबाईंबद्दल बोलायला लागली. आठ वर्षांपूर्वी आजींना पक्षाघात झाला, लोणीच्या प्रवरा हॉस्पिटलात होत्या, मग वर्षभर घरी अंथरुणावर. तेव्हाही आत्याच. तीच कूस बदलणं, तीच पावडर, तेच पोटावर हात ठेवून 'झाली का' विचारणं. "पण तेव्हा," आत्या म्हणाली, "दिवसाला दहा माणसं यायची गं. कुणी शहाळं आणायचं, कुणी पारलेचे पुडे. शेजारची डबा द्यायची. कुणी नाही तर निदान माझ्यासमोर बसून माझ्या सासूच्या तक्रारी ऐकायची. आता कुणाला सांगू? मांजराचं करते म्हणून?"

मग थोडं थांबून, ताटात बघत, "कधी कधी रात्री वाटतं, गेली तर बरं. सुटेल. मी पण सुटेन. आणि मग वाटतं, मी कसली बाई आहे?"

मला काहीही सुचलं नाही. भाकरी वाढू का, एवढंच विचारलं.

पुण्याला परतल्यावर मी शोधत बसले, तेव्हा समजलं की आत्याच्या या वाक्याचा अभ्यास झालाय. स्टीव्हन झारिट या अमेरिकन संशोधकाने १९८० मध्ये स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांना सांभाळणाऱ्या नातेवाइकांसाठी एक प्रश्नावली केली. स्वतःसाठी वेळ उरत नाही असं वाटतं का, आणखी करायला हवं होतं असं वाटतं का, अशा प्रकारची. पेशंटचा नाही, पेशंटला सांभाळणाऱ्याचा भार मोजणारी. २०१७ मध्ये ओहायोच्या केंट स्टेट युनिव्हर्सिटीतल्या मेरी बेथ स्पिट्झनागेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीच प्रश्नावली थोडी बदलून आजारी कुत्री-मांजरं सांभाळणाऱ्यांना दिली. ११९ जण आजारी प्राण्यांचे, ११९ जण धडधाकट प्राण्यांचे. पहिल्या गटात भार जास्त, ताण जास्त, नैराश्याची आणि चिंतेची लक्षणं जास्त. अजबच म्हणायचं की हे कुणीतरी मोजायला २०१७ उजाडावं लागलं. हा निष्कर्ष मी आत्याला फोनवर मराठी करून सांगितला. ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे तिकडच्या बायकांना पण असं वाटतं?"

आत्याला कुठलंही समुपदेशन झालं नसतं तेवढं त्या एका वाक्याने झालं, असं माझं मत आहे.

आता आपल्याकडे या. तुमच्या ऑफिसमध्येही अशी एक आत्या असणार. पलीकडच्या क्युबिकलमधला तो मुलगा, जो हल्ली पाच वाजताच पळतो आणि कारण विचारलं तर 'घरी जरा काम आहे' म्हणतो. आईला बरं नाही म्हटलं तर बॉस हाफ डे देतो. मांजराला बरं नाही म्हटलं तर जोक होतो. म्हणून तो सांगत नाही. शहरात निदान डॉक्टर तरी आहेत. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे, महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं नवं हॉस्पिटल २०२४ मध्ये उघडलं. पण रात्री दोनची कूस कुठलंच हॉस्पिटल तुमच्या घरी येऊन बदलत नाही.

'काही लागलं तर सांग' हे वाक्य तर मी आता बॅनच केलंय. थकलेल्या माणसाला काय लागतं ते शोधून सांगायचं हे आणखी एक काम आपण देतो. मीही दिलं होतं, तीन आठवडे, हार्टसकट. त्याऐवजी मी पुढच्या आठवड्यात चार दिवस वर्क फ्रॉम होम टाकलं आणि होम म्हणून कोल्हारचा पत्ता गृहीत धरला. रात्री दोनची आणि सहाची पाळी माझी. (कोल्हारचं नेटवर्क सांगत नाही, एक क्लायंट कॉल मी गोठ्यात उभं राहून केलाय आणि मागून गाय हंबरली तेव्हा म्युट शोधत होते.) पहिल्या रात्री आत्या दहाला झोपली ती सकाळी सातला उठली. उठल्यावर धावत क्यारेटपाशी! मनी मस्त घोरत होती.

त्या चार दिवसांत मी मामांनाही गोळी द्यायला शिकवलं. मामांचं म्हणणं, गाईच्या नरड्यात नळी घालणाऱ्या माणसाला मांजर काय जड? मनीने पहिल्याच दिवशी त्यांच्या अंगठ्यावर उत्तर लिहून दिलं. शेजारची नववीतली पोर शाळेतून आल्यावर पायांचे व्यायाम घ्यायला तयार झाली, फी म्हणून माझे जुने हेडफोन. आणि पैशांचं विचारायची सोय नव्हती, आत्या कधी सांगणारच नाही. म्हणून पाऊचचं बिल मी परस्पर भरत गेले आणि तिला सांगितलं, कंपनीत डिस्काउंट आहे. कंपनी आमची सॉफ्टवेअर करते. आत्याने विश्वास ठेवला, किंवा ठेवल्यासारखं केलं.

त्या 'गेली तर बरं' वाल्या प्रश्नाचं काय? तो होताच. पुण्याच्या डॉक्टरांनी त्यावर एक साधन सुचवलं. ॲलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी २००४ मध्ये केलेली मोजपट्टी. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी मार्क द्यायचे. बेरीज ३५ च्या वर असेल तर जगणं बऱ्यापैकी चाललंय असं धरायचं. आत्याला सात विषयांचा पेपर झेपेना. तिने आपली पद्धत काढली. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर, जिथे ती दुधाच्या लिटरांचा हिशेब लिहिते, तिथेच त्या तारखेच्या कोपऱ्यात मनीचा दिवस. चांगला असेल तर बरोबरची खूण, वाईट असेल तर फुली. महिनाअखेरीला मोजायचं. फुल्या वाढल्या तर डॉक्टरांना फोन लावायचा आणि ते सांगतील ते ऐकायचं, रडत का होईना, हे तिने स्वतःच ठरवलं. एकदा ठरल्यावर ती रोज रात्री तोच विचार करायची थांबली.

पहिल्या महिन्यात अकरा फुल्या होत्या. दुसऱ्या महिन्यात चार.

मनी आता चालते. मान अजून थोडी कललेली आहे, सतत कुणाचं तरी गॉसिप ऐकत असल्यासारखी. वळताना कधी कधी घसरते. उंदरांचं खातं बंद झालंय. किडनी थकलेली ती थकलेलीच, दर काही महिन्यांनी बीपी बघायला पुण्याची ट्रिप ठरलेली. डॉक्टर म्हणाले, पुन्हा झटका येणारच नाही असं कुणी सांगू शकत नाही.

परवा रविवारी मी फोन केला, तर उचलला मामांनी. आत्या कुठेय विचारलं. म्हणाले, देवीला गेलीय, शेजारणीबरोबर, आणि तिथूनच लोणीला साडी बघायला जाणार आहेत. दुपारची गोळी मामांकडे. मग आवाज एकदम केविलवाणा करून म्हणाले, "तुम्ही सगळे आत्या कशी आहे विचारता. माझा अंगठा कुणी बघितला का?"